लेथवर दाबाचे तेल : फायदा कोठे आणि धोका कोठे?

भोसरी असो की वाळूज, शिरोली असो की अंबड-सातपूर, औद्योगिक वसाहतींच्या गल्ल्यांतून आणि शहराच्या जुन्या मोहल्ल्यांतूनही आमचे कितीतरी बांधव एक-दोन लेथवर जॉबवर्क करून आपला प्रपंच चालवीत आहेत. पूर्वी या कामात एमएसची शाफ्ट, बुश आणि नट-बोल्ट यांचाच भरणा असे. आता स्टेनलेसचे व्हॉल्व्ह, पंपाचे भाग आणि कठीण मिश्रधातूंचे तुकडेही लहान कारखान्यांकडे येऊ लागले आहेत. काम बदलले की अडचणीही बदलतात. टिप लवकर जळते. लांबच लांब चिप जॉबला आणि चकला गुंडाळली जाते आणि दर दहा मिनिटांनी मशीन बंद करून ती आकड्याने ओढावी लागते. अशा वेळी कोणीतरी सल्ला देतो की, "दाबाचे तेल लावा, सगळे दुरुस्त होईल."

हा सल्ला खोटा नाही, पण तो अर्धा आहे. अर्ध्या सल्ल्यावर पैसा घालणे म्हणजे आंधळा व्यवहार करणे होय. उरलेला अर्धा भाग वाचकांपुढे ठेवावा, या हेतूने आम्ही हा लेख लिहीत आहोत.

नावातला घोटाळा

सर्वप्रथम एक गोंधळ दूर केला पाहिजे. बाजारात 'प्रेशरचे तेल' या एकाच नावाखाली दोन अगदी वेगळ्या गोष्टी मागितल्या जातात.

पहिली गोष्ट म्हणजे 'ईपी' तेल. यात तेलावर दाब नसतो. टिप आणि धातू यांच्यामध्ये जो प्रचंड दाब निर्माण होतो तो सोसण्यासाठी या तेलात गंधक, क्लोरीन किंवा फॉस्फरसची संयुगे मिसळलेली असतात. उष्णता वाढली की ही द्रव्ये धातूशी संयोग पावून पातळ थर बनवितात आणि धातूला धातू चिकटू देत नाहीत. टॅप मारणे, आटे पाडणे, ब्रोचिंग अशा मंद गतीच्या आणि जड कामात या तेलाचा चांगला उपयोग होतो. मात्र गंधकाचे जहाल तेल पितळ-तांब्यावर काळे डाग पाडते. क्लोरीनयुक्त तेल जळाले तर आम्लयुक्त, त्रासदायक धूर होतो. क्लोरिनेटेड पॅराफिनचा एक प्रकार तर २०१७ साली स्टॉकहोम कराराच्या घातक रसायनांच्या यादीत घालण्यात आला आहे. म्हणून डबा घेताना आत काय आहे हे विचारलेच पाहिजे.

याच ठिकाणी आमच्या वाचकांच्या दृष्टीने एक बाब सांगणे आवश्यक वाटते. पाश्चात्त्य देशांत डुकराच्या चरबीपासून काढलेले तेल फार वर्षे कटिंग ऑईल म्हणून वापरले गेले. आजही काही तेलांच्या माहितीपत्रकात नुसते 'फॅटी ऑईल' असे लिहिलेले असते. ती चरबी वनस्पतीची आहे की प्राण्याची, हे त्यावरून कळत नाही. ज्यांना याची काळजी आहे त्यांनी पुरवठादाराकडून तसे लेखी मागून घ्यावे. एरंडेलासारख्या वनस्पती तेलांवर आधारलेले पर्यायही तयार होऊ शकतात. विचारण्यात कसलाही संकोच नसावा.

दुसरी गोष्ट म्हणजे खरोखर दाबाने सोडलेले तेल किंवा कूलंट. यात पंप, नोझल, फिल्टर, पाईप असा सगळा सरंजाम आला. यापुढे आम्ही याच दुसऱ्या गोष्टीविषयी बोलणार आहोत.

पाण्याच्या धारेपासून सुरुवात

कटिंग करताना पाणी सोडावे ही कल्पना जुनी आहे. अमेरिकेतील फ्रेडरिक टेलर यांनी मिडव्हेल स्टील कंपनीत धातू कापण्याचे जे प्रयोग केले, त्यात टूलवर पाण्याची मोठी धार सोडली तर कोरड्या कामाच्या मानाने सुमारे ४० टक्के अधिक वेग घेता येतो असे त्यांना आढळले. त्या कंपनीने १८८४ साली नवे मशीन शॉप बांधताना प्रत्येक मशीनखाली लोखंडी ताट बसविले आणि गंज चढू नये म्हणून पाण्यात सोडा घातला. आजच्या कूलंटच्या टाकीचे हे पहिले रूप म्हणता येईल.

त्यानंतरचे महत्त्वाचे पाऊल १९५२ सालचे आहे. अमेरिकेतच पिगट आणि कोलवेल या दोघांनी तेल वरून ओतण्याऐवजी टूलच्या खालच्या बाजूने, टूल आणि जॉब यांच्या फटीत, बारीक झोताने मारले. दाब सुमारे २८ किलो होता. टूलचे आयुष्य कित्येक पटींनी वाढल्याचे त्यांनी दाखवून दिले. परंतु तेव्हाचे पंप, सील आणि उघडी मशीने यांना हा खटाटोप पेलणारा नव्हता. बंदिस्त सीएनसी मशीने आली आणि टूल होल्डरमध्येच नोझल बसू लागले, तेव्हा ही कल्पना खऱ्या अर्थाने कामाला लागली.

दाब नेमके काय करतो?

साध्या पंपाची धार चिपच्या पाठीवर पडते. खरी आग मात्र चिपच्या पोटाखाली, जेथे ती टिपेवर घासत जाते, तेथे असते. कार्बाईडने पोलाद कापताना त्या जागी ७०० ते १००० अंश सेल्सिअसपर्यंत उष्णता निर्माण होऊ शकते. एवढ्या गरम जागेजवळ पाणी येताच त्याची वाफ होते आणि ही वाफच पुढच्या पाण्याला अडविते. तव्यावर पाण्याचा थेंब नाचतो पण तव्याला भिडत नाही, तसाच हा प्रकार आहे. धार मोठी केली तरी ती बाहेरच राहते.

दाबाचा झोत हा पडदा फोडतो. ७० किलो दाबाने सुटलेल्या पाण्याची गती सेकंदाला सुमारे ११८ मीटर, म्हणजे ताशी ४२० किलोमीटरच्या वर जाते. हा झोत चिप आणि टिप यांच्यामध्ये पाचरीसारखा घुसतो आणि चिपला वर उचलतो. चिप टिपेवर कमी अंतर घासते, त्यामुळे उष्णता कमी होते आणि टिपेवर पडणारा खड्डा उशिरा पडतो. याहून महत्त्वाचे म्हणजे उचललेली चिप लवकर वळते आणि तुटते. दोरीसारखी गुंडाळणारी चिप तुकड्या-तुकड्यांनी खाली पडू लागते.

हे सगळे झोत अचूक जागी बसला तरच घडते. तांब्याची नळी वाकवून दूरवरून मारलेला झोत वाटेतच फुटतो, पसरतो आणि त्याचा जोर निघून जातो. नोझल टिपेपासून जितके जवळ आणि नेम जितका नेमका, तितका उपयोग अधिक. १० किलोचा नेमका झोत ७० किलोच्या भरकटलेल्या झोतापेक्षा बरा, असे आमचे मत आहे.

नोझलचा हिशेब

पंप घेताना बहुतेकजण दाब विचारतात, लिटर विचारीत नाहीत. येथेच फसगत होते. ७० किलो दाबावर १ मिलिमीटर छिद्राच्या नोझलमधून मिनिटाला ४ ते ५ लिटर कूलंट जाते. छिद्र २ मिलिमीटर केले तर दुप्पट नव्हे, चौपट, म्हणजे १८ लिटरच्या आसपास लागते. १ मिलिमीटरची तीन नोझल असतील तर २० लिटरचा पंप पुरतो. त्याच पंपावर २ मिलिमीटरची दोन नोझल लावली की दाब ढासळतो आणि मालक पंपाला दोष देत बसतो. नोझल झिजून मोठे झाले तरीही हेच होते.

मोटारीचा हिशेबही सोपा आहे. लिटरला दाबाने गुणावे आणि ६०० ने भागावे, म्हणजे किलोवॅट मिळतात. २० लिटर गुणिले ७० किलो भागिले ६०० म्हणजे सुमारे २.३ किलोवॅट झाले. पंपातील घट धरली तर विजेच्या मीटरवर ३ किलोवॅटच्या जवळपास खर्च पडतो. यासाठी ५ हॉर्सपॉवरची मोटार घ्यावी लागते.

ही सगळी शक्ती शेवटी उष्णता होऊन टाकीत उतरते. २०० लिटर निव्वळ तेलाच्या टाकीत एवढी शक्ती ओतली आणि उष्णता बाहेर गेलीच नाही, तर दर दोन मिनिटांनी सुमारे एक अंश तापमान चढते. जॉबचे माप सकाळी एक आणि दुपारी दुसरे येऊ लागले, तर त्याचे एक कारण ही टाकी असू शकते. टाकी मिनिटाच्या प्रवाहाच्या निदान दहापट असावी आणि दिवसभर चालणाऱ्या कामाला चिलरची सोयही ध्यानात धरावी.

फायदा टिपेत की चिपेत?

आता व्यापाऱ्याच्या नजरेने पाहू. पुढील आकडे केवळ समजण्यासाठी घेतले आहेत, प्रत्येकाने त्यांच्या जागी आपले आकडे घालावेत.

समजा, चार कोपऱ्यांची टिप ४०० रुपयांना पडते आणि एका कोपऱ्यावर साध्या पोलादाचे २० जॉब निघतात. म्हणजे जॉबमागे टिपेचा खर्च ५ रुपये झाला. दाबामुळे टिप दुप्पट टिकली तर जॉबमागे अडीच रुपये वाचतात. रोज १०० जॉब आणि महिन्याचे २५ दिवस धरले तर बचत ६,२५० रुपये होते. टिप बदलण्याचा वेळ रोज दहा मिनिटे वाचला आणि मशीनचा तास ४०० रुपयांचा धरला, तर आणखी सुमारे १,६५० रुपये मिळतात. एकूण ७,९०० रुपये झाले. पण ३ किलोवॅटची मोटार रोज आठ तास चालली तर महिन्याला ६०० युनिट वीज जळते. ९ रुपये युनिट धरले तर ५,४०० रुपये गेले. हाती उरले २,५०० रुपये. त्यातून फिल्टर, सील आणि पंपाची किंमत कशी निघणार?

आता तेच मशीन ३०४ स्टेनलेसवर चालते असे समजा. तेथे प्रत्येक जॉबमागे चिप ओढण्यात एक मिनिट जाते. शंभर जॉबला १०० मिनिटे गेली. चिप तुटू लागली आणि ही शंभर मिनिटे वाचली, तर ४०० रुपये तासाने महिन्याला सुमारे १६,६०० रुपयांचा मशीनचा वेळ मोकळा होतो. शिवाय जॉबवर ओरखडे पडून जाणारे रिजेक्शन थांबते आणि आकड्याने चिप ओढताना कारागिराचा हात कापत नाही, हा लाभ वेगळाच.

तेव्हा साध्या पोलादावर दाबाचा फायदा टिपेत शोधू नये, तो फारसा सापडणार नाही. फायदा चिपेत आहे. ज्या धातूची चिप तुटत नाही, म्हणजे स्टेनलेस, टायटॅनियम, इन्कोनेलसारखे निकेल मिश्रधातू, तेथे दाब आपली किंमत चुकती करतो. पितळेची चिप मुळातच बारीक तुटते. बिडाचे कामही बहुधा कोरडेच चालते. अशा कामाला हा खर्च व्यर्थ होय. आणि मोकळा झालेला वेळ भरायला हाती ऑर्डर नसेल तर स्टेनलेसचा हिशेबही कागदावरच राहील, हे विसरू नये.

पंपाआधी हे करून पाहा

पंपाचे कोटेशन मागविण्यापूर्वी तीन गोष्टी कराव्यात, त्यांना फारसा पैसा लागत नाही.

एक, त्या धातूसाठी बनविलेल्या चिप ब्रेकरची टिप वापरावी. पोलादाची टिप स्टेनलेसला लावून चिप तुटत नाही अशी तक्रार करणे योग्य नव्हे.

दोन, फीड आणि कटची खोली तपासावी. टिप जपण्यासाठी फीड फार कमी ठेवला की चिप पातळ होते आणि पातळ चिप तुटत नाही, गुंडाळते. टिपेच्या डबीवर दिलेल्या मर्यादेत फीड थोडा वाढविला तर पुष्कळदा काम भागते.

तीन, आहे त्याच पंपाची धार नीट टिपेच्या टोकावर आणावी, टाकी साफ करावी आणि कूलंटचे प्रमाण रिफ्रॅक्टोमीटरने मोजावे. धार कधी पडते, कधी चुकते असे झाले तर तापलेल्या कार्बाईडला तडे जातात. अशा अर्धवट धारेपेक्षा कोरडे काम पत्करले.

एवढे करूनही चिप तुटत नसेल तर मग २० ते ३० किलोचा विचार करावा आणि त्यापुढे ७० चा. मशीनच्या पुस्तकात टरेटचे सील किती दाब सोसते ते आधी पाहावे. जुन्या सीएनसीचे टरेट बऱ्याचदा एवढ्या दाबासाठी बनविलेले नसते. फिल्टर २० मायक्रॉनचा किंवा त्याहून बारीक हवा. माणसाचा केस सुमारे ७० मायक्रॉनचा असतो, यावरून कल्पना यावी. गाळलेले नसलेले कूलंट दाबाने सोडणे म्हणजे पंपातून पॉलिश पेपर फिरविणे होय. पाण्यात मिसळायचे तेल असेल तर ते कमी फेसाचेच घ्यावे, नाहीतर टाकीतला फेस जमिनीवर येतो.

येथे जिवाशी गाठ आहे

गाड्या धुण्याचा प्रेशर पंप आणून तो उघड्या सेंटर लेथवर जोडणे, आणि तेही निव्वळ तेलासाठी, हा जुगाड स्वस्तात पडेल असे कोणालाही वाटू शकते. आम्ही स्पष्ट शब्दांत सांगतो की, असे करू नका. तो पंप स्वच्छ पाण्यासाठी बनविलेला असतो, त्याचे सील तेल आणि धातूची बारीक भुकटी सोसण्यासाठी नसतात. आणि उघड्या मशीनवर दाबाच्या झोताला अडविणारे काहीच नसते.

पहिला धोका आगीचा आहे. दाबाने सुटलेले निव्वळ तेल धुक्यासारखे हवेत पसरते. पिंपातले तेल सहजासहजी पेट घेत नाही, पण तेलाचे धुके त्याच तेलाच्या फ्लॅश पॉइंटपेक्षा कमी तापमानालाही पेटू शकते. टिप फुटली, जॉब लाल झाला किंवा पंप मध्येच बंद पडला की ठिणगीला निमित्त मिळते. म्हणून निव्वळ तेल दाबाने वापरायचे तर मशीन बंदिस्त हवे, धूर-धुके ओढणारा पंखा व फिल्टर हवा, तेलाचा दाब उतरताच मशीन थांबेल अशी व्यवस्था हवी आणि आग विझविण्याचे साधन हाताशी हवे. ही तयारी नसेल तर पाण्यात मिसळणाऱ्या तेलावरच समाधान मानावे. पाणी उष्णताही तेलाच्या दुपटीहून अधिक वाहून नेते.

दुसरा धोका हाताचा आहे. सुमारे ७ किलो दाबाचा बारीक झोतही कातडी भेदून आत शिरू शकतो, असे वैद्यकीय साहित्यात नमूद आहे. मग ७० किलोचे काय? गळणाऱ्या पाईपवर बोट ठेवले तर तेल कातडीखाली, स्नायूंच्या कप्प्यात घुसते. वरून टाचणी टोचल्याएवढी खूण दिसते, सुरुवातीला फारसे दुखतही नाही. कारागीर फडके बांधून पुन्हा कामाला लागतो. काही तासांत बोट सुजते, काळेनिळे पडते आणि पुष्कळदा ते कापावे लागते. असे घडल्यास दुखण्याची वाट पाहू नये, बोट चोळू नये. ताबडतोब शस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयात जावे. "दाबाने तेल आत गेले आहे" हे डॉक्टरांना स्पष्ट सांगावे आणि तेलाच्या डब्यावरचे नावही दाखवावे. सहा तासांच्या आत उपचार झाले तर बोट वाचण्याची आशा अधिक असते. गळती शोधायची तर पंप बंद करून, दाब उतरवून शोधावी, बोटाने कदापि शोधू नये. दार उघडताच पंप बंद होईल असा स्विच बसवून घ्यावा आणि तो कोणी तारेने बांधून ठेवू नये.

तिसरा धोका हळूहळू येणारा आहे. इंग्लंडमधील लँकेशायरच्या सूतगिरण्यांत खनिज तेलाने भिजलेले कपडे घालून वर्षानुवर्षे काम करणाऱ्या कामगारांना त्वचेचा कर्करोग झाल्याचे आढळले आणि पुढे बर्मिंगहॅमच्या ऑटोमॅटिक लेथवरील कामगारांतही तेच दिसले. कच्चे किंवा कमी शुद्ध केलेले खनिज तेल कर्करोगकारक आहे, असे जागतिक कर्करोग संशोधन संस्थेने जाहीर केले आहे. म्हणून चांगले शुद्ध केलेले तेल घ्यावे, जुने जळके इंजिन ऑईल कटिंगला वापरू नये. तेलाचे फडके पँटच्या खिशात ठेवण्याची सवय मोडावी. ओले कपडे रोज बदलावेत आणि अंगावर बरी न होणारी गाठ किंवा जखम दिसली तर डॉक्टरांना दाखवावी.

उस्तादांना विनंती

आमच्या कारखान्यांत शागीर्द उस्तादाकडे पाहून शिकतो. उस्तादाने दार उघडे ठेवून झोत चालविला तर शागीर्दही तेच करील. उस्तादाने कागदावर जॉबमागचा खर्च मांडला तर तोही उद्या हिशेबी कारखानदार होईल.

दाबाचे तेल हे चांगले साधन आहे, पण ते सर्वांसाठी नाही. हातात रोजचे स्टेनलेस किंवा कठीण धातूचे काम असेल, मशीन बंदिस्त असेल, ऑर्डर भरवशाची असेल आणि फिल्टर-नोझलची निगा राखण्याची तयारी असेल, तर जरूर घ्यावे. यातली एकही गोष्ट नसेल तर आजच कर्ज काढू नये. विकणाऱ्याला सांगावे की, आमच्या जॉबवर, आमच्या मशीनवर, आमच्यासमोर एक दिवस चालवून दाखव. त्या दिवशी किती जॉब निघाले, किती वेळा चिप ओढावी लागली, किती वीज जळली, हे वहीत लिहून ठेवावे आणि मगच पैसे मोजावेत.